पृष्ठवंशाचें वातायन

रेम्ब्रांट या डच चित्रकारानें १६३२ सालीं काढलेलें शवविच्छेदनाचें चित्र वाचकांपैकीं पुष्कळांच्या पाहण्यांत आलें असेल. मेजावर एक प्रेत पसरलें आहे, भोंवतीं शस्त्रवैद्यांची मंडळी माना पुढें करून उभी आहे, आणि रुंद काठाची टोपी घातलेला एक गृहस्थ चिमट्यानें प्रेताच्या डाव्या हाताचे स्नायू उचलून दाखवीत आहे. हा गृहस्थ म्हणजे ॲम्स्टरडॅमचा वैद्य निकोलास टुल्प. पुढें तो त्या नगरीचा नगराध्यक्षहि झाला. चित्रामुळें त्याचें नांव राहिलें हें खरें. परंतु वैद्यकाच्या इतिहासांत त्याच्या नांवावर दुसरी एक गोष्ट जमा आहे. कांहीं मुलें पाठीच्या खालच्या भागावर पातळ आवरणाची, पाण्यानें भरलेली पिशवी घेऊन जन्मास येतात. अशा मुलांचीं वर्णनें टुल्पनें आपल्या निरीक्षणांच्या ग्रंथांत चित्रांसह दिलीं, आणि या व्यंगास 'स्पायना बायफिडा', म्हणजे दुभंगलेला पृष्ठवंश, असें लॅटिन नांव दिलें. सतराव्या शतकाच्या मध्यास दिलेलें तें नांव आज पावणेचारशें वर्षांनंतरहि जगभर चालू आहे.

टुल्पपाशीं साधनें दोनच होतीं, डोळे आणि सुरी. मूल मेल्यावर पिशवी उघडून पाहिल्याशिवाय तिच्या आंत काय आहे हें जाणण्याचा मार्ग त्या काळीं नव्हता. पदुआ येथील मोर्गान्यी या शरीरशास्त्रज्ञाचा सुप्रसिद्ध ग्रंथ १७६१ सालीं बाहेर पडला. त्यांत त्यानें मुलाच्या डोक्यांत पाणी सांठणें व पृष्ठवंश दुभंगणें या दोहोंची सांगड घातली. तीहि प्रेतें तपासूनच. जिवंत अर्भकाच्या पाठींत, तिला टांचणीचें टोंकहि न लावतां, पाहतां यावें ही गोष्ट साधण्यास तेथून पुढें सव्वादोनशें वर्षें लागलीं, आणि शेवटीं ती साधली ध्वनीच्या साह्यानें. हा इतिहास वैद्यकाच्या पुस्तकांतून तुकड्यातुकड्यांनीं विखुरलेला आहे. तो एका सूत्रांत ओंवून वाचकांपुढें ठेवावा एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु. लेखक वैद्य नव्हे, इतिहासाचा अध्यापक आहे. तेव्हां औषधोपचाराचा सल्ला येथें कोणी शोधूं नये.

पुढील हकीकत समजण्यास शरीररचनेची थोडी ओळख अवश्य आहे. पाठीचा कणा म्हणजे एकावर एक रचलेल्या मणक्यांची चळत. प्रत्येक मणक्यास पुढच्या अंगास भरीव गाभा व मागच्या अंगास कमान असते. या कमानी एकीखालीं एक लागून जी पोकळ नळी बनते, तींतून मज्जारज्जु मेंदूपासून खालीं उतरतो. पाय हलवणें, मलमूत्राचा वेग आवरणें, तळव्याला कांटा टोंचल्याचें कळणें, हीं सारीं कामें त्याच्या खालच्या टोंकाकडून निघणाऱ्या तंतूंवर अवलंबून आहेत. गर्भावस्थेच्या चौथ्या आठवड्यांत ही मज्जेची नळी मिटते. ती मिटण्यांत कसूर राहिली म्हणजे टुल्पनें वर्णिलेलें व्यंग उत्पन्न होतें. तिसऱ्या महिन्यांत रज्जु आणि कणा यांची लांबी जवळजवळ सारखी असते; पुढें कणा झपाट्यानें वाढतो, रज्जु मागें पडतो, आणि त्यामुळें रज्जूचें टोंक जणूं वर वर सरकत जातें. निरोगी बाळाच्या जन्मसमयीं तें कंबरेच्या दुसऱ्या मणक्याच्या आसपास किंवा त्याहून वर येऊन पोंचलेलें असतें. हें सरकणें मध्येंच कोठें अडलें तर काय होतें, हा प्रश्न वाचकांनीं मनांत ठेवावा. पुढें त्याशींच गांठ आहे.

एकोणिसाव्या शतकांत शस्त्रवैद्य धीट झाले, परंतु आंधळेपणा कायमच होता. ग्लासगोच्या जेम्स मॉर्टननें १८७० नंतरच्या दशकांत त्या पिशवींत आयोडीन व ग्लिसरीन यांचें मिश्रण टोंचण्याची रीत काढली. पिशवी आंतून चिकटावी व आटावी हा उद्देश. कांहीं मुलें बरीं झालीं, पुष्कळ दगावलीं. तेव्हां लंडनच्या क्लिनिकल सोसायटीनें या रोगाचा विचार करण्यास एक समिति नेमली, आणि १८८५ सालीं तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. पिशवींत नुसतें पाणी आहे कीं तिच्या भिंतीवर जिवंत तंतूहि पसरलेले आहेत, हें सुई घालणाऱ्यास आधीं कळण्यासारखें नव्हतें, आणि मुलाचें पुढील सर्व आयुष्य तर त्याच एका गोष्टीवर ठरावयाचें! पुढल्याच वर्षीं स्ट्रासबर्ग येथील फॉन रेक्लिंगहाउझेन यानें या व्यंगाच्या प्रकारांचें सविस्तर विवेचन केलें.

या सर्वांहून आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचें काम बर्लिनच्या व्हिर्चोचें आहे. १८७५ सालीं त्यानें दाखवून दिलें कीं कांहीं मनुष्यांची पाठ वरून अखंड असते, पिशवी वगैरे कांहीं नसतें, तरी खालीं मणक्यांची कमान दुभंगलेली असते. यास त्यानें 'गुप्त' असें विशेषण लावलें. वर खूण असली तर ती फार किरकोळ: एखादा केंसांचा झुपका, चरबीचा मऊ उंचवटा, तांबूस डाग, किंवा माकडहाडाच्या वरची खळगी. उघडें व्यंग आईच्या दृष्टीस जन्माबरोबरच पडतें. गुप्त व्यंग मूल चालूं लागेपर्यंत, कधीं शाळेंत जाऊं लागेपर्यंतहि, निमूट राहतें. अशा मुलांच्या पाठींत डोकावणें ही खरी निकड होती, आणि त्यांच्याचसाठीं कोणतेंहि साधन नव्हतें.

१८९५ च्या नोव्हेंबरांत राँटगेनला क्ष-किरण सांपडले. आतां कांहीं लपून राहणार नाहीं असें लोकांस वाटलें. परंतु क्ष-किरणांस दिसतें हाड. मज्जारज्जु त्यांस दिसत नाहीं. शिवाय नवजात बाळाच्या मणक्यांची मागची बाजू अजून हाड झालेलीच नसते. जन्मसमयीं प्रत्येक मणक्याचे हाड बनलेले भाग तीनच, गाभ्याचा एक आणि कमानीच्या दोन बाजूंचे दोन. मधला सांधा कूर्चेचा, म्हणजे कोवळ्या कुरकुरीत पदार्थाचा असतो. क्ष-किरणांच्या कांचेवर ही कूर्चा उमटत नाहीं. म्हणून अर्भकाच्या पाठीचें चित्र काढावें तर त्यांत जेथें पाहावयाचें तेथेंच रिकामी जागा. या कूर्चेचें नांव वाचकांनीं विसरूं नये.

मग वैद्यांनीं रज्जूच्या भोंवतालच्या पाण्यांतच रंग मिसळावयाचें ठरवलें. अमेरिकेंत डँडी यानें १९१८-१९ मध्यें मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरून चित्रें घेतलीं. १९२१-२२ च्या सुमारास पॅरिसमध्यें सिकार व फोरेस्तिए या दोघांनीं लिपिओडोल नांवाचें द्रव्य कण्याच्या नळींत सोडलें. हें लिपिओडोल म्हणजे दुसरें तिसरें कांहीं नसून आयोडीन मिसळलेलें खसखशीचें तेल! आपल्याकडे अनरशांवर पेरतात त्याच खसखशीचें. रोग्यास मेजावर बांधावयाचें, मेज कधीं डोक्याकडून तर कधीं पायांकडून खालीं झुकवावयाचें, आणि तेलाचा जड थेंब नळींत कोठें अडतो हें क्ष-किरणांनीं पाहावयाचें. युक्ति मोठ्या हुषारीची होती व तिनें प्रौढ रोग्यांचें पुष्कळ कल्याण झालें. परंतु तेल नळींत वर्षानुवर्षें तसेंच राही आणि कधीं कधीं आंतील आवरणास सूज आणी. पुढें पाण्यांत विरघळणारीं द्रव्यें निघालीं, तरी सुई ती सुईच. पाठीवरची एक खळगी पाहून धडधाकट दिसणाऱ्या तान्ह्या मुलास या दिव्यांतून न्यावें असें कोणा आईबापांस वाटेल?

येथून आपणांस वैद्यकाची वाट सोडून थोडें बाहेर जावें लागतें, कारण ज्या साधनानें हें कोडें सोडविलें त्याचा जन्म रुग्णालयांत झालेला नाहीं. अठराव्या शतकाच्या अखेरीस इटलीचा स्पालांझानी हा वटवाघुळें घेऊन प्रयोग करीत होता. डोळे नसलेलें वटवाघूळ काळोखांत दोऱ्या चुकवून उडतें, पण कान बुजविले तर आदळतें, असें त्याच्या व जिनीव्हाच्या जुरीन याच्या प्रयोगांतून निघालें. लोकांनीं तें हंसण्यावारी नेलें. त्याचा उलगडा झाला १९३८ नंतर, अमेरिकेंत: वटवाघूळ मनुष्यास ऐकूं न येणारा उंच स्वर काढतें आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट ओळखतें. मध्यंतरीं १८८० सालीं झाक व पिएर क्यूरी या बंधूंनीं गारेसारख्या स्फटिकाचा एक गुण शोधून काढला होता. त्यास दाबलें कीं वीज उत्पन्न होते, आणि उलट वीज दिली कीं तो कंप पावतो. १९१२ च्या एप्रिलांत 'टायटॅनिक' हिमनगावर आपटून बुडाली, दोन वर्षांनीं महायुद्ध पेटलें, आणि पाण्याखालच्या वस्तूंचा ठाव घेण्याची निकड पडली. फ्रान्समध्यें लांजव्हाँ यानें क्यूरींचा स्फटिक समुद्रांत उतरवून पाणबुड्यांचा प्रतिध्वनि ऐकण्याची विद्या सिद्ध केली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत याच विद्येनें लोखंडाच्या ओतकामांतील भेगा शोधण्याचीं यंत्रें निघालीं.

असलें भेगा शोधण्याचें यंत्र हेंच सोनोग्राफीचें मूळ रूप. ग्लासगो येथील प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक इयन डोनल्ड हे युद्धांत विमानदळांत होते व त्यांना रडारची माहिती होती. १९५५ च्या जुलईंत ते शस्त्रक्रियेनें काढलेल्या गांठी दोन मोटारींच्या मागच्या पेट्यांत भरून रेनफ्रू येथील बॉयलरांच्या एका कारखान्यांत घेऊन गेले. तुलनेसाठीं कारखानदारांनीं गोमांसाचा एक मोठा तुकडा ठेवला होता. पाण्यानें भरलेली गांठ व मांसल गांठ यांचे प्रतिध्वनि अगदीं निराळे येतात हें तेथें सिद्ध झालें. पुढें टॉम ब्राऊन या तरुण अभियंत्याच्या व मॅकव्हिकर या सहकाऱ्याच्या साह्यानें त्यांनीं रोग्यांवर प्रयोग केले, आणि जून १९५८ मध्यें 'लॅन्सेट' या नियतकालिकांत त्यांचा निबंध आला. त्यांच्या हातून तपासल्या गेलेल्या एका बाईस पोटाचा असाध्य कर्करोग आहे असें ठरलेलें होतें. प्रतिध्वनीनें ती निव्वळ पाण्याची गांठ असल्याचें सांगितलें, ती काढली, आणि बाई बरी झाली. प्रथम हेटाळणी करणारे यानंतर पुष्कळसे गप्प बसले.

परंतु ध्वनीला एक वैरी आहे, तो म्हणजे हाड. ऑस्ट्रियाच्या कार्ल डुसिक यांनीं डोनल्डच्याहि आधीं, १९४२ पासून, डोक्याच्या एका बाजूनें ध्वनि पाठवून दुसऱ्या बाजूनें तो टिपला व मेंदूच्या आंतल्या पोकळ्या दिसल्या असें जाहीर केलें. १९५२ सालीं जर्मन संशोधकांनीं दाखविलें कीं तीं चित्रें मेंदूचीं नव्हतीं; कवटीच्या हाडानेंच ध्वनि कमीजास्त गिळल्यामुळें त्या आकृती उमटत होत्या. दहा वर्षांचें काम वायां गेलें. मला स्वतःला डुसिकविषयीं नेहमीं सहानुभूति वाटत आली आहे. त्याची कल्पना खोटी नव्हती, त्यानें चुकीच्या वयाचें डोकें निवडलें होतें. १९८० च्या सुमारास त्याच ध्वनीनें मेंदू दिसूं लागला, पण तो नवजात बाळांचा आणि टाळूंतून. जी टाळू आपल्या घरांतून आजी बोटानें तेल थापून भरते, जी जपण्यासाठीं कुंची घालतात, त्या हाड नसलेल्या मऊ जागेवर यंत्राची मूठ टेंकवली आणि आंतील सर्व दृश्य पडद्यावर आलें.

टाळूनंतर पाठीकडे लक्ष जाण्यास फार वेळ लागला नाहीं. क्ष-किरणांना जी रिकामी जागा वाटली होती ती कूर्चा ध्वनीला मोकळी वाट देते! १९८३-८४ या दोन वर्षांत शाइबल, न्यूयॉर्कचे राघवेंद्र, शिकागोचे नायडिक आणि त्यांचे सहकारी यांचे यासंबंधींचे निबंध प्रसिद्ध झाले, आणि थोड्याच काळांत नवजाताची पाठ पाहण्याची ही रीत रूढ झाली.

रीत अशी. बाळास दूध पाजून पालथें निजवतात. पोटाखालीं लहानशी उशी देतात, म्हणजे पाठ किंचित् बाकदार होऊन कमानींमधल्या फटी रुंदावतात. आपल्या न्हाणीघरांत बाईच्या लांब केलेल्या पायांवर बाळ जसें पालथें असतें तसेंच जवळजवळ. त्यास गुंगी द्यावी लागत नाहीं. पाठीवर ऊन केलेला पातळ लेप लावून सरळ पट्टीच्या तोंडाची मूठ फिरवितात. तिच्यांतून निघणारा ध्वनि सेकंदास सत्तर लक्षांहून अधिक आंदोलनांचा असतो, मनुष्याच्या कानाची मजल वीस हजारांपर्यंतच. प्रथम मणके मोजावयाचे. शेवटच्या बरगडीवरून किंवा कंबर व त्रिकास्थि जेथें मिळतात त्या वळणावरून मोजणी चालते, आणि रज्जूचें टोंक कितव्या मणक्याशीं आहे हें ठरवितात. कंबरेच्या दुसऱ्या व तिसऱ्या मणक्यांमधल्या चकतीच्या खालीं तें उतरलेलें आढळलें तर शंका घ्यावयाची. टोंकापासून खालीं जाणारा बारीक धागा दोन सहस्रांश मीटरहून जाड नसावा. रज्जु पडद्यावर काळसर दिसतो आणि त्याच्या मध्यावर एक तेजस्वी रेघ असते. ही रेघ म्हणजे रज्जूच्या मधली सूक्ष्म नलिकाच असें पहिलीं कांहीं वर्षें सर्वजण मानीत. १९८९ मध्यें प्रेतांतील रज्जूशीं ताडून पाहिल्यावर कळलें कीं ती पुढच्या बाजूच्या एका खांचेच्या तळाशीं होणारी चमक आहे.

या चित्राचा खरा विशेष मोजमापांत नाहीं. तें चित्र हलतें. निरोगी बाळाचा रज्जु पाण्यांत मोकळा असतो. हृदयाच्या ठोक्याबरोबर तो हळूच वर-खालीं होतो आणि त्याच्या खालचे तंतू पाण्यांतल्या शेवाळासारखे लवलवतात. ज्याचा रज्जु खालीं चरबीच्या गोळ्याला किंवा जाड धाग्याला जखडला आहे, त्या बाळाच्या पाठींत ही हालचाल मंद असते किंवा मुळींच नसते, आणि रज्जु नळीच्या मागच्या भिंतीला चिकटून बसलेला दिसतो. टुल्प आणि मोर्गान्यी यांच्यापुढें जें कधींच येणें शक्य नव्हतें तें हेंच, कारण प्रेतांत हें स्पंदन नसतें.

जखडलेल्या रज्जूचा परिणाम काय? मूल वाढतें, कणा लांबतो, रज्जूस वर सरकावयास मिळत नाहीं, आणि तो ताणला जातो. १९७२ सालीं न्यूकॅसलच्या जेम्स व लॅसमन यांनीं या गुप्त व्यंगावर ग्रंथ लिहिला. १९७६ मध्यें टोरांटोच्या हॉफमन प्रभृतींनीं 'जखडलेला रज्जु' हें नांव रूढ केलें. १९८१ सालीं यामादा यांनीं ताणलेल्या रज्जूच्या पेशी प्राणवायूचा नीट उपयोग करूं शकत नाहींत असें प्रयोगानें दाखविलें. बाहेर दिसतें तें इतकेंच, कीं एक पाऊल दुसऱ्याहून लहान राहतें, चाल बिघडते, किंवा सहा-सात वर्षांचा मुलगा अद्याप अंथरूण ओलें करतो. या शेवटच्या गोष्टीसाठीं किती मुलांनीं आळशीपणाचा ठपका व मार सोसला असेल याची नोंद कोणत्याहि इतिहासांत सांपडावयाची नाहीं. मूत्राशयाची गेलेली शक्ति शस्त्रक्रियेनंतर पुष्कळदां पुरती परत येत नाहीं. म्हणून आधीं कळण्याला महत्त्व.

मात्र आधीं कळलें म्हणजे आधीं कापावें, असें सरळ गणित नाहीं. ज्या मुलांस चरबीच्या गोळ्यानें जखडलें आहे पण अद्याप कांहींच त्रास नाहीं, त्यांची शस्त्रक्रिया करावी कीं नुसती देखरेख ठेवावी, यावर मोठा वाद आहे. पॅरिसच्या नेकर रुग्णालयांतील शस्त्रवैद्य पूर्वीं अशा सर्वांवर शस्त्रक्रिया करीत; अनेक वर्षांच्या आपल्याच अनुभवाचा हिशेब मांडून त्यांनीं पुढें लक्षणांची वाट पाहण्याचें धोरण धरलें. स्वतःचा पायंडा असा मोडणारीं माणसें विद्वानांत विरळाच. दुसरी गोष्ट खळग्यांची. दर शंभर बाळांत दोन-चारांच्या माकडहाडापाशीं लहानशी खळगी असते. ती मध्यरेषेवर, गुदद्वारापासून अडीच सेंटिमीटरांच्या आंत आणि पांच मिलिमीटरांहून लहान असेल व शेजारीं दुसरी खूण नसेल, तर आंत बहुधा कांहीं नसतें. तरीहि यंत्र हाताशीं आहे म्हणून अशा प्रत्येक बाळाची तपासणी होऊं लागली, आणि कित्येक आईबापांनीं विनाकारण रात्री जागून काढल्या. जी खळगी उंचावर आहे, खोल आहे, किंवा जीवर केंस वा गांठ आहे, तिच्याविषयीं मात्र हयगय नसावी.

मुंबईशीं या कथेचा एक धागा जुळतो. १९२८ सालीं ल्यूसी विल्स या इंग्रज विदुषी येथें आल्या व गिरणींतील गरोदर बायकांच्या पंडुरोगाचा शोध करूं लागल्या. यीस्टच्या अर्कानें त्या बायका बऱ्या होतात असें त्यांनीं १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. त्या अर्कांतील गुणकारी द्रव्य म्हणजे आजचें फॉलिक आम्ल. ज्या मातेस असें एक मूल झालें आहे तिनें गर्भधारणेपूर्वींपासून तें घेतलें तर पुन्हां व्यंग होण्याचा संभव ७२ टक्क्यांनीं घटतो, असें १९९१ च्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रयोगांत ठरलें. हा लाभ मुख्यतः उघड्या दोषाविषयीं सिद्ध आहे. कातडीखालीं झांकलेल्या चरबीच्या गोळ्यांचें प्रमाण त्यानें घटल्याचें दिसलेलें नाहीं. त्यांच्यासाठीं ध्वनीचें वातायन अद्याप लागतेंच.

याच यंत्रानें आपल्याकडे दुसरा एक इतिहास घडविला आहे. गर्भांतील मुलगी ओळखून तिला नाहींशी करण्याच्या कामीं तेंहि राबविलें गेलें. महाराष्ट्रास १९८८ मध्यें, देशांत सर्वांच्या आधीं, गर्भलिंगपरीक्षेविरुद्ध कायदा करावा लागला. १९९४ सालीं मध्यवर्ती सरकारनें तसाच कायदा केला. आतां गर्भ तपासूं शकणारें प्रत्येक यंत्र सरकारदरबारीं नोंदवावें लागतें, मग तें बालरुग्णालयांत तान्ह्यांच्या पाठी पाहण्यासाठीं आणलेलें कां असेना. एक मुलगी जन्मण्यापूर्वीं शोधून काढणारा आणि दुसऱ्या मुलीचें चालणें वांचविणारा ध्वनि एकाच स्फटिकांतून निघतो. नोंदवहींत त्याला दुसरा रकाना नाहीं, आणि असावा असें मला वाटतहि नाहीं.

हें वातायन फार दिवस उघडें राहत नाहीं. पहिल्या तीन महिन्यांत चित्र उत्तम येतें. त्यानंतर कूर्चेच्या जागीं हाड भरूं लागतें, पडद्यावर काळ्या सावल्यांचे पट्टे उमटतात, आणि सहा महिन्यांच्या सुमारास बहुतेक मुलांची पाठ ध्वनीला बंद होते. मग चुंबकीय यंत्राच्या नळींत निजवून पाहावें लागतें. तें चित्र अधिक स्पष्ट असतें, परंतु मूल स्तब्ध राहावें म्हणून त्यास बहुधा गुंगी द्यावी लागते, आणि तें यंत्र मोठ्या शहरांतच सहज मिळतें.